इंग्रजीत मागायचं कसं?

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालेल्या एसटीत, पाली जवळ आली की मागच्या सीटवरून कुणीतरी हाक देतं, "ओ साहेब, पालीला थांबवता का जरा?" या वाक्यात 'कृपया' कुठेच नाही, तरी कंडक्टरला त्यात हुकूम ऐकू येत नाही. 'साहेब' म्हणून मान दिला, 'थांबव' न म्हणता 'थांबवता' म्हटलं, 'का' लावून नकाराला वाट ठेवली आणि 'जरा' म्हणून काम हलकं केलं. मराठी बोलणारा हे सगळं एका दमात करतो, त्याला आठवावंही लागत नाही.

असं बोलणारा एखादा मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेला की कंपनीला मेल लिहितो, "प्लीज सेंड माय जॉइनिंग लेटर." व्याकरण बरोबर आहे. मनात उद्धटपणाचा लवलेशही नाही. पण वाचणाऱ्याला वाक्य तुटक लागतं, आणि का लागतं ते त्या मुलाला कुणी सांगत नाही. या लेखात तेच सांगायचं आहे, कारण मराठवाड्यातली कितीतरी हुशार मुलं इथे अडतात. त्यांचं ज्ञान कमी पडत नाही, नोकरीची पात्रताही असते. मागण्याची रीत तेवढी कुणी नीट समजावून दिलेली नसते.

अडचण अशी आहे. इंग्रजीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' या तिन्हींना मिळून एकच 'यू' आहे. 'दे', 'द्या', 'द्यावे' अशी क्रियापदाची रूपं नाहीत. 'काका', 'मावशी', 'दादा' म्हणून अनोळखी माणसाला जवळ करायची सोय नाही. मराठीत आपण मान जिथे जिथे ठेवतो, त्या जागाच तिथे नाहीत. मग हाताशी उरतो एक 'प्लीज', आणि सगळा भार आपण त्याच्यावर टाकतो. एवढा भार त्याला पेलत नाही. 'सेंड' हे आज्ञार्थी क्रियापद आहे, आणि पुढे 'प्लीज' आलं तरी ते आज्ञार्थीच राहतं. सूचनेला, पाटीला, अर्जातल्या रकान्याला ते शोभतं. अनोळखी माणसाकडे काही मागायचं असेल, तर वाक्याची चौकटच बदलावी लागते.

ती चौकट आपल्याला अनोळखी नाही. तलाठी कार्यालयात जाणारा माणूस काय म्हणतो? "साहेब, एक काम होतं." काम तर आत्ता आहे, मग 'होतं' का? दुकानात आपण म्हणतो, "पाच किलोची पिशवी पाहिजे होती." पाहिजे तर आजच असते, पण 'पाहिजे' म्हटलं की मागणी अंगावर येते आणि 'पाहिजे होती' म्हटलं की ती एक पाऊल मागे सरते. देणाऱ्याला मोकळीक मिळते. भूतकाळाचं रूप वापरायचं आणि बोलायचं मात्र आजच्या गरजेबद्दल, ही युक्ती मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून असते.

इंग्रजी नेमकी हीच युक्ती वापरते आणि जवळजवळ सगळा मान तिच्यावरच उभा करते. 'कॅन'चं मागे सरकलेलं रूप 'कुड', 'विल'चं 'वुड'. "कॅन यू सेंड माय जॉइनिंग लेटर?" हा साधा, सरळ प्रश्न. "कुड यू सेंड माय जॉइनिंग लेटर?" म्हटलं की त्यात आपलं 'होतं' येतं. 'कुड' म्हणजे 'करू शकत होता' असं शाळेत पाठ झालेलं असतं, म्हणून मुलं बिचकतात, की मी कालचं विचारतोय की आजचं? विनंतीत 'कुड' आणि 'वुड' यांचा कालच्या दिवसाशी काही संबंध नसतो. "कुड यू कॉल मी टुमॉरो?" हे वाक्य अगदी शुद्ध आहे, त्यात उद्याचा दिवस आला तरी.

या गैरसमजातूनच एक चूक फार होते. मनात भूतकाळ बसल्यामुळे "कुड यू सेंट", "कुड यू गेव्ह" अशी वाक्यं येतात. 'कॅन', 'कुड', 'विल', 'वुड', 'मे' यांच्यानंतर क्रियापद नेहमी मूळ रूपात येतं: सेंड, गिव्ह, कॉल, एक्सप्लेन. मध्ये 'टू' घालायचा नाही, म्हणजे "कुड यू टू एक्सप्लेन" चुकीचं. 'प्लीज' या चौकटीत दोन जागी छान बसतो: 'यू'नंतर, "कुड यू प्लीज सेंड माय लेटर?", किंवा अगदी शेवटी, "कुड यू सेंड माय लेटर, प्लीज?" बोलताना 'कुड' आणि 'वुड' यांच्या स्पेलिंगमधला 'एल' उच्चारायचा नाही.

आता एक सापळा, तोही आपल्याच भाषेने लावलेला. मराठीत 'देता का?'पेक्षा 'द्याल का?' मऊ वाटतं. भविष्यकाळ वापरला की विनंती नम्र होते. म्हणून 'द्याल का?'चं 'विल यू गिव्ह मी?' करावंसं वाटतं. इंग्रजीत हे वाक्य उलट कडक होतं. "विल यू सेंड मी द रिपोर्ट?" यात वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला विचारल्याचा सूर असतो, आणि त्यात 'प्लीज' घालून जरा जोर दिला की चक्क वैताग ऐकू येतो. मराठीतला भविष्यकाळ इंग्रजीत नेताना तो 'वुड'पर्यंत मागे न्या. 'द्याल का?' म्हणजे "वुड यू गिव्ह मी?" किंवा "कुड यू गिव्ह मी?"

नकारार्थी प्रश्नाचंही असंच. "एवढं नाही का करणार माझ्यासाठी?" यात मराठीत लाडीगोडी आहे. "कान्ट यू डू धिस फॉर मी?" यात इंग्रजीत टोचणी आहे, जणू एवढंही तुला जमत नाही. विनंती करताना नकार टाळलेलाच बरा.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन भाषाअभ्यासकांनी 1978 मध्ये नम्रतेवर एक सिद्धांत मांडला. इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या दक्षिणेकडची तमिळ अशा तीन भाषांतलं बोलणं त्यांनी तपासलं होतं. कुणाकडे काही मागणं म्हणजे त्याच्या मोकळेपणात ढवळाढवळ करणं, आणि ती जितकी मोठी तितका बोलणारा आडवळणाने जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सिद्धांतावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण शिकणाऱ्याला त्यातून एक कामाची गोष्ट मिळते. मागणी लहान असेल तर वाक्य लहान ठेवा, मोठी असेल तर वाक्य लांबवा. हॉटेलात चहा मागताना "कॅन आय हॅव टू टीज, प्लीज?" एवढं पुरे. तिथे "आय वुड बी ग्रेटफुल" वगैरे म्हटलं तर वेटर गोंधळून बघत राहील. आणि प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागताना "कॅन यू गिव्ह मी" म्हणणं फार अपुरं पडेल.

त्या मोठ्या मागण्यांसाठी दोन वाक्यं तयार ठेवा. पहिलं, "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड राइट मी अ रेफरन्स लेटर." म्हणजे मनात आलं होतं, की तुम्ही पत्र द्याल का. पुन्हा आपलं 'होतं' आलंच. हे विधान आहे, प्रश्न नाही. म्हणून 'इफ यू कुड' असा क्रम, 'इफ कुड यू' नाही, आणि शेवटी पूर्णविराम. दुसरं, पत्रासाठी, "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड मी द रिझल्ट." इथे एका बाजूला 'वुड' आलं की दुसऱ्या बाजूलाही 'कुड' ठेवा, एकीकडे 'वुड' आणि दुसरीकडे 'कॅन' अशी सरमिसळ नको. 'ग्रेटफुल'ऐवजी 'अप्रिशिएट' वापरायचं असेल तर 'आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड' असं म्हणा. मधला तो छोटा 'इट' जवळजवळ सगळेच गाळतात.

स्वतःसाठी काही मागायचं असेल तर 'आय वॉन्ट' सोडून द्या. 'पाहिजे' आणि 'पाहिजे होतं' यांत जेवढा फरक, तेवढाच 'आय वॉन्ट' आणि 'आय वुड लाइक' यांत आहे. "आय वुड लाइक टू टेक टू डेज लीव्ह" हे रजेसाठी अगदी नीट. बोलताना 'आय वुड'चं 'आयड' होतं, आणि तो शेवटचा 'ड' स्पष्ट ऐकू आला पाहिजे. तो गळला की "आय लाइक अ रूम" होतं, म्हणजे मला खोली आवडते. लॉजवरच्या माणसाला त्यातून काही कळणार नाही.

महाराष्ट्रात मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यानंतर शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाला एक नम्र इंग्रजी वाक्य पाठ आहे, "मे आय कम इन, सर?" फार चांगलं वाक्य आहे, कारण त्यात नियम दडलेला आहे. 'मे'ने परवानगी मागतात, आणि ती नेहमी स्वतःच्या कृतीसाठी: मी आत येऊ का, मी बसू का, मी विचारू का. दुसऱ्याने काही करावं यासाठी 'मे' चालत नाही. "मे यू साइन धिस?" हे नम्र वाटतं, पण चूक आहे. तिथे "कुड यू साइन धिस?" पाहिजे. आणि स्वतःच्या कृतीसाठी 'मे आय'च्या जोडीला 'कॅन आय' आणि 'कुड आय'सुद्धा आहेत. मित्राला 'कॅन आय', साहेबांना 'कुड आय' किंवा 'मे आय'.

परवानगीचा आणखी एक प्रकार म्हणजे आपलं 'हरकत नसेल तर'. "वुड यू माइंड क्लोजिंग द विंडो?" म्हणजे खिडकी लावायला तुमची हरकत आहे का? 'माइंड'नंतर क्रियापदाला 'इंग' लागतो: क्लोजिंग, वेटिंग, शेअरिंग. आपल्याला स्वतःला काही करायचं असेल तर "वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?" इथे 'सिट'चं 'सॅट' झालं, कारण 'वुड'च्या मागे हा 'इफ' आला आहे.

खरी गंमत उत्तरात आहे, आणि इथे फसायला होतं. रेल्वेत शेजारचा प्रवासी विचारतो, "वुड यू माइंड मूव्हिंग युवर बॅग?" आपण तत्परतेने म्हणतो, "येस, येस." आपल्या मनात 'हो, सरकवतो', त्याच्या कानात 'हो, हरकत आहे'. बॅग सरकली म्हणून गैरसमज टळतो, पण फोनवर टळत नाही. 'माइंड' ऐकलं की उत्तर "नॉट ॲट ऑल" किंवा "शुअर" असं द्यायची सवय लावून घ्या.

आता रस्ता आणि माहिती विचारणं. पावसाळ्यात पालीजवळचं बिंदुसरा धरण भरून वाहू लागलं की लांबून लोक येतात. महामार्गावरून येणारा परप्रांतीय पाहुणा धरण कुठे आहे ते विचारतो. "व्हेअर इज द डॅम?" हा थेट प्रश्न. त्याच्याआधी "कुड यू टेल मी" लावलं की आतल्या प्रश्नाचा क्रम सरळ होतो: "कुड यू टेल मी व्हेअर द डॅम इज?" 'इज' शेवटी गेलं. मराठीत हा फेरबदल होत नाही. 'धरण कुठे आहे?' आणि 'धरण कुठे आहे सांगता का?' यांत 'कुठे आहे' जागचं हलत नाही. म्हणूनच चांगलं इंग्रजी असणारी मुलंही "कुड यू टेल मी व्हेअर इज द डॅम" म्हणतात. हे एकदा कानाला खटकू लागलं की आपोआप सुटतं. अशीच भावंडं: "कुड यू टेल मी व्हेन द रिझल्ट विल बी डिक्लेअर्ड?" इथे 'विल' मागे गेलं. आणि उत्तर हो-नाही असेल तर मध्ये 'इफ' येतो: "कुड यू टेल मी इफ माय फॉर्म हॅज बीन ॲक्सेप्टेड?" शिष्यवृत्तीच्या हेल्पलाइनला फोन करताना हे वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा.

हे सगळं एका मेलमध्ये पाहू. समजा पालीच्या मुलीला पुण्याच्या कंपनीत सकाळी मुलाखतीला बोलावलं आहे आणि तिला वेळ बदलून हवी आहे. पहिला मसुदा साधारण असा उतरतो: "रिस्पेक्टेड सर, आय वॉन्ट टू चेंज माय इंटरव्ह्यू टाइम. माय व्हिलेज इज व्हेरी फार. प्लीज गिव्ह मी आफ्टरनून टाइम. काइंडली डू द नीडफुल अँड रिप्लाय फास्ट." मागणीची चारही क्रियापदं हुकूम सोडल्यासारखी वाटतात: वॉन्ट, गिव्ह, डू, रिप्लाय. 'रिस्पेक्टेड' आणि 'काइंडली' यांनी मान भरपूर दिलाय, पण तो वाक्यांच्या बाहेर राहिलाय.

दुसरा मसुदा: "डिअर सर, थँक यू फॉर इन्व्हाइटिंग मी टू द इंटरव्ह्यू ऑन मंडे. आय विल बी ट्रॅव्हलिंग फ्रॉम पाली, इन बीड डिस्ट्रिक्ट, दॅट मॉर्निंग. वुड इट बी पॉसिबल टू मूव्ह माय इंटरव्ह्यू टू द आफ्टरनून? इफ दॅट इज डिफिकल्ट, आय विल कम टू पुणे द डे बिफोर." आधी आभार, मग एका ओळीत कारण, मग विनंती. 'वुड इट बी पॉसिबल टू' म्हणजे आपलं 'जमेल का?'. कुणावर बोट न ठेवता विचारलेलं. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शेवटची ओळ. 'जमत नसेल तर मी आदल्या दिवशी येते' असं सांगून तिने नकाराची वाट खरोखरच मोकळी केली. 'कुड' आणि 'वुड' तीच वाट व्याकरणातून दाखवतात, आणि ही ओळ ती वाट खरी आहे यावर विश्वास बसायला मदत करते.

'काइंडली डू द नीडफुल' हे जुन्या कचेऱ्यांतलं इंग्रजी आहे. आपल्या सरकारी कार्यालयांत अजून चालतं आणि कुणी नाव ठेवत नाही. पण खासगी कंपनीला किंवा परदेशात लिहिताना ते शिळं वाटतं, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यातून काम काय ते कळतच नाही. 'नीडफुल' म्हणजे नेमकं काय करायचं, तेच लिहा: "कुड यू प्लीज करेक्ट माय नेम ऑन द मार्कशीट?" अर्जात 'रिक्वेस्ट' वापरायचा असेल तर त्याची घडी सांभाळा. क्रियापद म्हणून "आय रिक्वेस्ट यू टू इश्यू अ ड्युप्लिकेट मार्कशीट", नाम म्हणून "अ रिक्वेस्ट फॉर अ ड्युप्लिकेट मार्कशीट". "आय रिक्वेस्ट टू यू" आणि "आय रिक्वेस्ट फॉर" ही दोन्ही टाळा.

एवढं वाचून आज्ञार्थाची धास्ती घेऊ नका. ज्यात ऐकणाऱ्याचंच भलं आहे, तिथे इंग्रजीतही आज्ञार्थ प्रेमाचा असतो. पालीला 'इन्फंट इंडिया' संस्थेचं आनंदग्राम आहे, एचआयव्हीबाधित मुलांचं घर. अशा ठिकाणी बाहेरगावचा पाहुणा आला की "कम इन, प्लीज सिट डाउन, हॅव सम टी" हेच योग्य. 'या, बसा, चहा घ्या' हे आपलं आतिथ्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरतं. तिथे "कुड यू ड्रिंक टी?" म्हटलं तर पाहुण्याला काहीतरी परीक्षा आहे असं वाटेल. धरणाच्या सांडव्याजवळ कुणी पुढे सरकत असेल तर "प्लीज डोन्ट गो निअर द वॉटर" असंच मोठ्याने म्हणा. जिवाचा प्रश्न असताना आडवळण नको.

फोनवर काम करणाऱ्यांसाठी, मग ते दवाखान्याचं रिसेप्शन असो की कॉल सेंटर: 'तुमचं नाव सांगा'चं 'टेल मी युवर नेम' करू नका. "मे आय हॅव युवर नेम, प्लीज?" आणि स्पेलिंग हवं तर "कुड यू स्पेल दॅट, प्लीज?" समोरचा भराभर बोलत असेल तर 'व्हॉट?' म्हणून अडवण्यापेक्षा "कुड यू स्पीक अ लिटल मोअर स्लोली, प्लीज?" म्हणा. शिकणाऱ्याने हे वाक्य न लाजता वापरावं. काही न समजता बोलणं संपेपर्यंत म्हटलेलं 'येस, येस' ऐकण्यापेक्षा समोरच्याला ते कितीतरी बरं वाटतं.

शेवटी आठवण करून देणं, कारण मेल पाठवून आठवडा गेला की इथेच तोल जातो. "व्हाय यू आर नॉट रिप्लायिंग?" यात व्याकरणही चुकलं आणि भांडणही झालं. "आय ॲम रायटिंग अबाउट माय मेल ऑफ लास्ट मंडे. कुड यू प्लीज लेट मी नो इफ देअर इज एनी अपडेट?" एवढं लिहा. नकार आला तरी उत्तर जरूर द्या: "थँक यू फॉर लेटिंग मी नो." पुढच्या महिन्यात त्याच माणसाकडे पुन्हा काही मागायचं असू शकतं.